काचेच्या घराखालची फुगडी

अगं, चहा निवू दे जरा, आदी हे ऐक. सूनबाईला परसात रोपांसाठी काचेचं घर पायजे होतं. आपली जमीन भाताची, पावसात फुगनारी. म्हणून मिस्त्रीनं खोल खणून दगड घातलं, वर मुरूम टाकला आन् म्हणला, "चोपायचं मशीन खोपोलीवरनं येतंय. पाया नीट दबला नाय तर काचा तडकतील."

माझी धाकटी जाऊ यमुना. भावजी गेल्यापासनं पडवीतली खाट सोडत नव्हती, जेवणबी तिथंच. मी म्हणलं, हिला आज उठवायचीच. खाटेशी जाऊन बोलले, "यमे, मशीन कशाला? तू हायस ना! तुझ्याएवढी वजनदार बाई आख्ख्या दहिवलीत नाय."

"थांब, दावते तुला वजन!" म्हणत ती काठी घेऊन तरातरा माझ्यामागं आली. मी सरळ मुरमावर जाऊन उभी. ती वर चढली तशी तिचं दोनी हात धरलं.

"सोड गं, लोक बघतात!"

"बघू दे. नव्या नवऱ्या असताना आपण खळं असंच फुगड्या घालून घट्ट करायचो का नाय?"

तिनं काठी टाकली. मग हळूच पाय उचलला. दोन गिरक्यांत धाप लागली, पण किती महिन्यांनी हसली बया!

तेवढ्यात टेंपो आला. मिस्त्री वरडला, "आज्यांनो, उतरा, मशीन आलं!"

यमुना पदर खोचत म्हणली, "उभं ऱ्हाऊ दे तुझं मशीन. ह्यो कोपरा अजून मऊ हाय रं."