मासोळ्यांचा उपास

शनिवारचं मारुतीचं दर्शन घेऊन मी तात्यापाऱ्यातल्या थांब्यावर अभनपूरच्या बसची वाट पाहत होते. बाकावर शेजारी एक वयस्क जोडपं बसलं होतं. गृहस्थांच्या हातात लांब दांड्याचं नवं दाताळं होतं.

"आपलं शहर राजधानी झालं तशे लोक परसात भाड्यासाठी खोल्या बांधून राहिले. तुम्ही डबकं खोदलं," बाई त्यांना म्हणाल्या.

"डबकं नाही, तळं म्हण."

"पाणी तं दिसत नाही. पाहुणे त्याले लॉन समजतात."

"म्हणून तं दाताळं घेतलं. आज सगळं शेवाळ ओढतो."

"मागेही ओढलं होतं. मग शेवाळ खाणाऱ्या मासोळ्या आणल्या. त्या तरी कुठं खाऊन राहिल्या?"

"काहून खातील? तू रोज पूजा झाली का परातभर कणकेच्या गोळ्या टाकते. उरलेली कणीक सडते, त्याच्यावरच शेवाळ पोसते."

"माझा नेम आहे तो."

"मग मूठभर टाक ना! भूक लागली का खातील शेवाळ."

"अन् भुकेल्या मासोळ्या तुमच्या गळाले नाही लागणार?"

"लागतील तं चांगलंच! तीन वर्षं झाली, एक नाही लागली."

"हव. पोट भरलेलं होतं त्यांचं."

"म्हणजे तू मुद्दामच..."

"बस आली, उठा."

"आधी सांग."

"गळ माझ्या देवघरात ठेवा. उद्यापासून मूठभरच टाकीन."

"अन् मी काठावर बसून काय करू?"

"दाताळं घेतलं ना आता?"