गाण्यानंतरचं नाव

कोरेगावच्या स्टँडवर सांगलीची गाडी नेहमीप्रमाणे यायची होती. बाकावर शेजारी एक निवृत्त फौजी आणि मांडीवर रेडिओ घेतलेली त्यांची बायको. रेडिओवरचा शास्त्रीय संगीताचा सप्ताह कालच संपला होता. यांचा संपला नव्हता.

"सात दिस रोज तासभर आ-आ ऐकलं, लीला. अजून काय करायचं हुतं म्यां?"

"आवं, गानं थांबलं की लगीच रेडूचा कान पिळायचा नव्हता."

"सेल जळत्यात. पलटनीत आमी..."

"पलटन ऱ्हाऊ द्या. मागं तंबोरा वाजिवनाऱ्याचं नाव गानं झाल्यावर सांगत्यात. शेजारच्या पारूबाईनं ऐकलं, मंगळवारी. आपल्या लेकीचं नाव गावानं ऐकलं, आनि आपुन सेल वाचिवलं."

"मग आता सांगलीत लेक भेटल्यावर म्हनायचं, ऐकलं. संपलं."

"काय ऐकलं म्हनू?"

"क्रांती लालासाहेब जगदाळे. दुसरं काय असनार?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"तिनं लिवून देताना आईचं नाव दिलं. क्रांती लीलाबाई जगदाळे. पारूबाई म्हनली, लीला, तुजं नाव आलं गं रेडूवर."





"पुन्यांदा कवा लावत्यात ते?"

"पुढल्या साली, लावलं तर."

"गाडी आली बघ. आन हिकडं तो रेडू, मी धरतो."

"नगं. माज्याकडंच ऱ्हाऊ द्या आता."