ओळ तोडायची नाही

...आणि वर मलाच म्हणतात, "दाजी, जरा सरका!" माझ्या घरात! ज्या घराच्या भिंती मी या दोन हातांनी तीनदा रंगवल्या, त्या घरात मला सरका म्हणतात, आणि मी सरकतो, काय करणार, तीन बायका समोर, चौथी खुर्चीत, आणि मी एकटा, पंचाहत्तर वर्षांचा, चर्चचा डीकन, म्हणजे प्रवचन कितीही लांबलं तरी पहिल्या बाकावर जागं राहण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे असा माणूस! तुम्हाला सांगतो मंडळी, मी लग्न एकीशीच केलं होतं! आमच्या जॉर्जियातल्या मेकन गावच्या चर्चची नोंदवही उघडून बघा, एकच नाव आहे, व्हर्डेल.

पण व्हर्डेल एकटी नाही, हे मला आधी कुणी सांगितलं? कॉलेजात असताना हिनं भगिनीमंडळाची दीक्षा घेतलेली. मंडळाचं नाव तीन ग्रीक अक्षरांचं, ते मला पन्नास वर्षांत धड उच्चारता आलेलं नाही, आणि चुकीचं उच्चारलं की ओनीडा अशी बघते की जेवलेलं पचत नाही. आणि दीक्षा म्हणजे काय साधी? त्या वर्षीच्या चौघींची एक ओळ, उंचीप्रमाणे, बुटकी पुढं, उंच मागं, प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर, आणि ज्या आकड्यावर उभी राहिलीस तो आकडा तुझा, मरेपर्यंत! एक नंबर ओनीडा, निवृत्त मुख्याध्यापिका, उंची चार फूट दहा इंच, आवाज मात्र सहा फुटी. दोन नंबर झेनोबिया, तिच्या दारात मोठी गाडी आणि रक्तात साखर. तीन नंबर मॅक्सीन, तिला देवानं दमा दिला आणि भरपाई म्हणून जीभ दिली. आणि चार नंबर, सगळ्यांत उंच, ओळीचं शेपूट, ती माझी बायको!

लोक म्हणतात, कॉलेज सुटलं की मैत्रिणी सुटतात. सुटतात? कुणाच्या सुटतात, मला पत्ता द्या, मी जाऊन राहतो तिथं! आमच्याकडं कॉलेज सुटलं चौऱ्याहत्तर साली, आणि गुरुबहिणी अजून चालूच. पोरगा झाला, तिघी हजर. माझं अपेंडिक्स काढलं, तिघी हजर, वर डॉक्टरला सूचना! संतसज्जन सांगून गेले की चांगल्यांची संगत धरावी. धरावी, माझं काही म्हणणं नाही, पण मध्ये कधी तरी श्वास घ्यायला सोडावी की नाही? मी लग्न एकीशीच केलं होतं हो!

बरं, लग्नावरून आठवलं... लग्नाच्या मेजवानीत या चौघी ओळीनं नाचत होत्या, ठेक्यात, एका पावलात, सारा मांडव बघतोय, आणि मी नवरदेव, हातात सरबताचे दोन पेले, मधनं गेलो. मधनं! यांची चालती ओळ बाहेरच्या माणसानं तोडायची नसते, हे मला काय ठाऊक? पावलं थांबली. वाजंत्री थांबली. ओनीडा शांतपणे म्हणाली, "व्हर्डेल, नोंदवहीतली शाई वाळलेली नाही अजून. विचार कर."

असो. तर झालं काय, व्हर्डेलचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाला, लगेच चालायचं. ही चालायला गेली, आमच्या पॅसेजमध्ये वॉकर अडकला, आणि कोलमडली. गुडघ्याला काही झालं नाही, पण मनाला लागलं. त्या दिवसापासून जी झोपायच्या खोलीत खुर्चीत बसली ती तीन आठवडे! बाथरूमपर्यंत न्यायचं तेही चाकाच्या खुर्चीत. मी समजावलं, मी रागावलो, पाळकसाहेबांना आणलं, ते बिचारे तासभर धीर देऊन, दोनदा पीच फळांचा गोड कॉब्लर खाऊन गेले, आणि ही मला म्हणते, "लूशस, आजच्या भाजीत मीठ कमी होतं." गेल्या आठवड्यात डॉक्टरनं निर्वाणीचं सांगितलं, "सोमवारी मला दहा पावलं चालून दाखवा. नाहीतर गुडघा आखडला म्हणायचा. मग पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल." भूल! अहो, पहिल्या भुलीतून हिला डोळे उघडायला चार तास लागले होते. ते चार तास मी इस्पितळाच्या बाकावर कसे काढले, ते माझं मला माहीत.

म्हणून शुक्रवारी मी ओनीडाला फोन केला. नुसतं कळवायला!

"तीन आठवडे?" ती म्हणाली. "आणि मला आज?"

फोन बंद. शनिवारी सकाळी तिघी दारात. तिघींच्या अंगावर मंडळाचा पोपटी रंग. असं वाटलं की अंगणातलं गवतच उठून आत आलं.

मला वाटलं, आता उपदेश होईल. छे! व्हर्डेलच्या गालाचे मुके घेतले, आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन ओळीनं उभ्या राहिल्या. पुढं ओनीडा, तिच्या खांद्यावर झेनोबियाचा हात, तिच्या खांद्यावर मॅक्सीनचा. तोंडं स्वयंपाकघराकडं, पाठी आमच्याकडं. आणि मॅक्सीनच्या मागं एका माणसाची जागा मोकळी.

"हे काय चाललंय?" व्हर्डेल खुर्चीतून ओरडली.

"ओळ उभी आहे," ओनीडा मान न वळवता म्हणाली. "चार नंबर आली की निघेल."

"मग राहा उभ्या! मला काय त्याचं!"

"राहतो."

आणि राहिल्या की हो! पाच मिनिटं, दहा मिनिटं... आता माझी अवस्था ऐका. मी हिला कॉफी द्यायला खोलीत आलेलो, म्हणजे ओळीच्या अलीकडं. बाथरूम पॅसेजच्या त्या टोकाला, म्हणजे ओळीच्या पलीकडं. आणि सकाळची पाणी काढायची गोळी? माझ्या पोटात!

म्हटलं, "मॅक्सीन, जरा कडेनं..."

"दाजी, ओळ तोडायची नाही. लग्नात एकदा तोडलीत, तेवढी पुरे."

"अगं, पण मला जायचंय!"

"आम्हालाही जायचंय, दाजी. चार नंबरला सांगा."

बघा न्याय! मी लग्न एकीशीच केलं होतं, आणि लघवीला जायची परवानगी चौघींकडून!

वीस मिनिटं झाली. ओनीडाचे घोटे फुगले. झेनोबियाची साखर उतरली, तिनं पर्समधून खडीसाखर काढून तोंडात टाकली, खांद्यावरचा हात न काढता. मॅक्सीनची छाती भात्यासारखी वाजायला लागली. व्हर्डेल आधी हसत होती, मग हसेना.

"ओनीडा, बस गं खाली. पाय बघ तुझे."

"चार नंबर उभी राहिल्याशिवाय एक नंबर बसत नाही."

"म्हाताऱ्या झालोय आपण, मूर्ख बायांनो!"

"आकडा म्हातारा होत नाही," झेनोबिया म्हणाली.

मग व्हर्डेल, माझी सहा फुटाला दोन बोटं कमी असलेली व्हर्डेल, इतक्या लहान आवाजात बोलली की मला पन्नास वर्षांत तो आवाज ठाऊक नव्हता. "आणि पडले तर?"

तीन आठवडे मी मीठ चाखत बसलो होतो! तीन आठवडे मला हे कळलं नाही!

"पडलीस तर माझ्यावर पडशील," मॅक्सीन धापा टाकत म्हणाली. "आणि मी मऊ आहे, हे सगळ्या जॉर्जियाला माहीत आहे. हा खांदा तुझाच आहे गं. होता तिथंच आहे. जरा खाली गेलाय, इतकंच."

व्हर्डेलनं माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला. ती उठली. तुम्हाला सांगतो, मी पुष्कळ उपासना बघितल्या, लोक उभे राहून रडताना बघितले, पण असं उठणं बघितलं नव्हतं. दाराची चौकट धरून आली, आणि मॅक्सीनच्या खांद्यावर हात ठेवला. ओनीडानं पाय आपटला, एकदा, आणि ओळ निघाली!

एक... दोन... मी मोठ्यानं मोजतोय, मागं चालतोय, दोन्ही हात पसरून, कोंबडं धरायला निघाल्यासारखा. सात... आठ... बाथरूमचं दार आलं. उघडं होतं, दिवाही लागलेला. आणि मी गेलो नाही हो! तिच्या पाठीवरून नजर काढवेना. दहा! "दहा झाली, थांबा!" मी ओरडलो. थांबतंय कोण? स्वयंपाकघरात शिरल्या, टेबलाला प्रदक्षिणा घातली, चौदा, पंधरा, आणि व्हर्डेलनं, माझ्या बायकोनं, मागून ठेका धरला!

मॅक्सीन वळून म्हणाली, "दाजी, रडताय काय?"

म्हटलं, "गोळी आहे ती! कुठून तरी बाहेर पडणारच!"

रविवारभर तेच. सकाळी अंगणापर्यंत, संध्याकाळी टपालपेटीपर्यंत. मला सोफ्यावर झोपवलं. माझ्या पलंगावर कोण, मी विचारलं नाही. सोमवारी डॉक्टरकडं निघाल्या झेनोबियाच्या गाडीतून, आणि मी दार उघडायला गेलो तर ओनीडा म्हणते, "दाजी, तुम्ही फोनजवळ बसा." बसलो! अकरा वाजले, एक वाजला, फोन नाही. भूल दिली का? चार तास झाले का? तीन वाजता फोन वाजला.

"लूशस!" व्हर्डेलचा आवाज, आणि मागं नुसता वारा आणि खिदळणं. "डॉक्टर म्हणाला, गुडघा उत्तम आहे!"

"देवाची कृपा! मग आहेस कुठं?"

"सव्हाना शहराच्या पुढं. समुद्रावर. वाळूत चालतेय!"

"समुद्रावर? अडीच तास लांब? अगं, परत कधी येणार?"

"थांब, ओनीडाला विचारते..." मग बराच वेळ लाटाच ऐकू आल्या. "अजून ठरलं नाही म्हणते. डबा फ्रिजमध्ये आहे हं, मीठ घालून घे."

आता तक्रार तरी कुणाकडं करू? तीन आठवडे रोज पहाटे गुडघे टेकून मी एकच मागत होतो, देवा, हिला चालती कर. त्यानं ऐकलं. पूर्ण ऐकलं. कुठपर्यंत, ते सांगायचं माझंच राहून गेलं.