कॉफीच्या पिशवीला भोक

भोक हो, भोक! नव्याकोऱ्या, चकचकीत, वर फुलंबिलं छापलेल्या पिशवीला भोक! आणि आमची पोरगी मला म्हणते, "पप्पा, ते मुद्दाम ठेवलंय." मुद्दाम? आता तुम्हीच सांगा, बादलीला कुणी मुद्दाम भोक ठेवतं का? छत्रीला ठेवतं का? आणि हे सांगते कुणाला, तर मला! ज्यानं पिंपरीच्या कंपनीत अख्खी नोकरी लीकेज तपासण्यात घालवली, त्याला! रेडिएटर आला की नळीनं हवा भरायची, पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि डोळे लावून बसायचं. आला एक बुडबुडा, की माल बाजूला! साहेब यायचा, घड्याळ बघायचा, "नागसेन, जाऊ दे ना रे, ट्रक उभाय गेटवर…" मी म्हणायचो, साहेब, ट्रक उभा राहू दे नाहीतर आडवा होऊ दे, लीकेज म्हणजे लीकेज!

तर पिशवी कॉफीची. आमची भाग्यश्री चाकणला एका कॉफी भाजायच्या कंपनीत पॅकिंगला सुपरवायझर आहे. सकाळी रहाटणीच्या चौकातून कंपनीची बस पकडते आणि संध्याकाळी घरी येते ती चालतंबोलतं कॉफीचं पोतं होऊनच. तिनं आणली ही पिशवी, त्याच दिवशी भाजलेल्या बियांची. माझ्यासाठी नाही हो, मला कोण आणतंय! आईसाठी आणली. आमच्या कस्तुरासाठी.

आता कस्तुराचं सांगितल्याशिवाय तुम्हाला काही कळायचं नाही. कोरोनात तिचा वास गेला. ताप गेला, खोकला गेला, गल्लीत सगळ्यांचे वास गेले होते ते परत आले, हिचा काही आला नाही. आणि नाक कसलं होतं बाईचं! शेजारच्या कौशल्याबाईंची डाळ लागली की आधी आमच्या घरातून हाक जायची, "अवो कौशल्याबाई, गॅस बारीक करा!" ती बाई आता दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी उभी राहून भाजी निवडते. जेवायला बसली की दोन घास खाते आणि म्हणते, "कागद चावल्यावानी लागतंय." हसत म्हणते, पण ताट सरकवते. वर्षानुवर्षं असं समोर बघायचं म्हणजे आपल्यालाही घास उतरत नाही हो, खरंच सांगतो.

डॉक्टर म्हणाला, रोज सकाळ-संध्याकाळ उग्र वास घ्या, लवंग, लिंबू, कॉफी, नाकाला पुन्हा शिकवावं लागेल. झालं, नाकाला बालवाडीत घातलं आम्ही! रोज मी वाटी धरायची, तिनं डोळे मिटून ओढायचं आणि मान हलवायची. "न्हाई." दुसरी वाटी. "न्हाई." एवढासा शब्द, पण रोज ऐकून बघा! शेवटी भाग्यश्रीनं आमचा घरातला कॉफीचा डबा स्वतःच्या नाकाला लावला, "पप्पा, ही पूड कधीची आहे? हिचा मलाच वास येत नाही, आईला काय येणार!" म्हणून मग ती ताजी पिशवी. चार दिवस मुरू द्या, मग उघडा, म्हणाली.

पिशवी म्हटलं की मला आठवते आमची पुडी! तुम्हाला सांगतो, लग्न झालं तेव्हा आम्ही काळेवाडीत एका खोलीत राहायचो, पत्रा वर, नळ बाहेर. पगार झाला की फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मी चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात जायचो. तिथला अण्णा बिया आपल्यासमोर दळायचा, मशीन घर्रर्र, दुकानभर वास, आणि पूड बांधून द्यायचा कशात, तर साध्या खाकी कागदात, वर रबर. बस्स! ना फॉइल, ना झिप. ती पुडी घेऊन पीसीएमटीच्या बसमध्ये चढलो की पुढच्या सीटवरची माणसं मागं वळायची. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणायचा, "काय भाऊ, आज पाहुणे का?" आणि घराच्या बोळात वळलो, अजून दाराला हात लावला नाही, तर आतून हिचा आवाज, "आणली का? दूध ठेवते!" दिसलो नव्हतो हो मी! जायफळ किसायची, वर थोडी वेलची, आणि त्या पत्र्याच्या खोलीत आम्ही दोघं बशीत ओतून कॉफी प्यायचो. काय श्रीमंती वाटायची!

आता कबूल करतो, त्या पुडीचा वास आठवडाभरात उडायचा. नंतर उरायची ती विटेची भुकटी. पण उडायचा म्हणून तर बोळापर्यंत यायचा ना? सगळी मजाच लीकेजची होती! हे मला आता कळतंय. तेव्हा कळलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता.

कारण मी काय केलं… पिशवी हातात घेतली, अंगठा फिरवला, तर वरच्या बाजूला टिकलीएवढी प्लास्टिकची चकती आणि तिच्यात बारीक भोकं! माझा हात थांबतोय का? बाथरूममध्ये गेलो, बादली भरली, पिशवी बुडवली, दाबली… बुड, बुड, बुड! रिजेक्ट! फोन लावला पोरीला, "तुमच्या कंपनीत तपासतं कोण? सगळा माल लीक आहे!" ती तिकडं मशीनच्या आवाजात ओरडतेय, "पप्पाऽ, तो व्हॉल्व्ह आहेऽ! कॉफी भाजल्यावर कित्येक दिवस आतून गॅस सोडत असतेऽ! तो बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाहीऽ! हवा लागली की वास मरतोऽ!" म्हणजे आतलं बाहेर येणार, बाहेरचं आत जाणार नाही. म्हटलं, हे तर तुझ्या आईसारखंच झालं!

पण मला पटेना. व्हॉल्व्ह मला शिकवते? आमच्या कंपनीतला व्हॉल्व्ह मुठीएवढा, लोखंडी, पायावर पडला तर सुट्टी मिळायची. ही टिकली काय अडवणार? आणि खरं सांगू? पोटात दुसरंच होतं. गॅस बाहेर जातो म्हणजे त्याच्याबरोबर वासही जाणार ना? आणि तो वास कुणाचा? कस्तुराचा! तिच्या वाटणीचा वास असा रात्रंदिवस कपाटात उडून जातोय आणि मी बघत बसू? एवढी वर्षं लोकांच्या गाड्यांचं लीकेज अडवलं, घरचं नको अडवायला? आणलं एमसील, मळलं, दिलं चोपडून भोकांवर. वर चिकटपट्टी. बादलीत बुडवली, एक बुडबुडा नाही. पास!

पुढं काय झालं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. पिशवी फुगायला लागली. आधी उशीसारखी, मग टम्म पुरीसारखी, मग कपाटाचं दार लागेना. कस्तुरा म्हणते, "अवो, फुटल ती!" मी म्हटलं, फुटत नसते, बघ कशी टाईट आहे, सगळा वास आत! "भाग्यश्रीला इचारा तरी…" तिला काय विचारायचं, मी आहे ना इथं! आणि दाखवायला म्हणून ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली, जरा दाबली…

फाट्!

अहो, बिया कुठं नाही गेल्या? टीव्हीमागं, कूलरमध्ये, चपलांत, माझ्या शर्टात! बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फुलदाणीत! शेजारून कौशल्याबाई ओरडल्या, "सिलेंडर का हो?" मी आपला फाटकी पिशवी धरून उभा, आता ही बोलणार, आता बोलणार… तर ही उभी. स्वयंपाकघराच्या दारात, डोळे मिटून, हातात झारा. नाकपुड्या हलतायत.

"अवो," ती म्हणाली, अगदी हळू. "आणली का?"

मी रडलो हो, उगाच खोटं कशाला बोलू, त्या बियांत बसून रडलो. ती पण रडत होती. एक बी उचलायची, हुंगायची, पुन्हा दुसरी उचलायची. मग तशीच हुंगत हुंगत माझ्याकडं आली. म्हटलं, आता काळेवाडी निघणार, ती खोली निघणार, मी जरा कॉलर सरळ केली, ती अगदी जवळ आली, तोंडापाशी आली, आणि थांबली.

"तंबाखू सोडली म्हणाला व्हता ना तुमी?"

सोडली होती हो… पण हिला वास येत नव्हता, म्हणून मधेच पुन्हा धरली. आता रोज सकाळी चहाच्या आधी मला समोर उभं करते आणि म्हणते, "हाऽऽ करा." करतो. काय करता! इतक्या वर्षांनी बाईला वास यायला लागलाय, नाही कसं म्हणू?