बाळूचा नेम आणि पुठ्ठ्याचं डुक्कर

राजेहो, नेमबाज पाहाचा असन तं आमच्या साळ्याले, बाळूले पाहा. आर्वीकडं शेती हाये त्याची. बाळूले रानडुक्कर माराची परवानगी भेटली, पण लांबून नेम धराचा सराव करावा कुठं? ज्याले इचारलं तो म्हणे, "आमच्या वावरात नको भाऊ, म्हशी बिचकतीन."

शेवटी स्वतःच्याच हरभऱ्यात, टेकडीच्या आडोशानं, त्यानं पुठ्ठ्याचं डुक्कर उभं केलं अन् रोज ठो-ठो सुरू केलं. त्या आवाजानं खरी डुकरं शेजाऱ्यांच्या वावरात घुसली. आता तेच शेजारी दारात येऊन बसतात, "बाळूभाऊ, आज आमच्याकडं प्रॅक्टिस करजो ना!"

परवा म्या ते पुठ्ठ्याचं डुक्कर जवळून पाह्यलं. म्हटलं, "बाळू, सारी डुकरं पळाली, हे एकटंच काऊन नाई पळालं ते आता समजलं. याले एकबी भोक नाई!"