प्रेक्षक शून्य

अनुदान कचेरीत माझ्या शेजारच्या बाकावर शिवणकाम करणारी एक मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या. समोर साहेबांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

“पुन्हा वाच. आपलं नाटक का नाकारलंय?”

“‘प्रेक्षकसंख्या शून्य. सबब लोकसहभाग आढळून येत नाही.’”

“शून्य कुणी लिहिलं?”

“मीच, अर्जात. खरं तेच लिहिलं, मावशी. सगळी गल्ली नाटकात काम करते, मग बघायला उरतं कोण?”

“तेच तर! तुझे आजोबा खाटेवर पडल्यापडल्या राजा झाले. माझं तोंडही न बघणारी ती शेजारीण माझ्या मांडीवर डोकं ठेवून मेली. आणि म्हणे सहभाग नाही!”

“हळू बोल, साहेब ऐकतील.”

“ऐकू दे! स्वतः येऊन बघायला काय झालं होतं त्याला?”

“आले होते की पाहणीला. दाराशी उभे होते, तर तू त्यांच्या हातात भाला दिलास.”

“तो टकल्या? अगं, रिकामा उभा दिसला म्हणून दिला!”

“शेवटपर्यंत हलले नाहीत बिचारे.”

“बिचारे कसले! माझ्या सैन्यात उभा राहिला आणि वर म्हणतो सहभाग नाही? सरक, आत जाऊन विचारते.”

“मावशी, आत साहेबांच्या कपाटाला टेकवलंय ते बघ. आपलाच भाला.”

“‘आठवण म्हणून ठेवू का?’ असं लाजत विचारत होता मेला. चल, आधी तो भाला काढून घेऊ!”