पेडल घट्ट आहे

दाबा, दाबा की काका, गाडी घेण्याआधी ब्रेकचं पेडल अजून एकदा — घट्ट आहे ना? दगडासारखं. पुढचे ब्रेक पॅड मीच बदललेत, इथेच, अंगणात, महिनाही झाला नाही — हसताय? हसा. छत्तीस वर्षं बस चालवलेल्या ड्रायव्हरची मुलगी आहे मी, लाटण्याआधी पाना आलाय हातात. चाक काढायचं, पॅड धरणारा कॅलिपर उचलायचा, जुने पॅड काढायचे, पॅडला रेटणारा पिस्टन शिकंज्यानं आत ढकलायचा, नवे बसवायचे — झालं. बाबा झोपले होते दुपारचे. ब्रेक वाजतात म्हणून आठवडाभर कुरकुर चालली होती, ब्रेकपेक्षा त्यांचाच आवाज जास्त — म्हटलं, उठायच्या आत करून ठेवू, चकित होतील.

बंपर ना? ते... लागलंय थोडंसं. बाबांच्या हातून. छे हो, प्यायलेले वगैरे नाही, उभ्या जन्मात शिवले नाहीत. वय झालं, दुसरं काय — ब्रेकऐवजी भलतंच दाबलं गेलं असेल. सगळे तेच म्हणाले. भाऊ म्हणाला, कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला — त्यानं पेडल दाबून पाहिलं, असंच, तुमच्यासारखं, म्हणाला, ब्रेक ठणठणीत आहेत आजोबा, पाय चुकला तुमचा. बाबा सांगत होते, अरे, उतारावर पेडल पोकळ गेलं, तळाला गेलं, चार-पाचदा दाबलं तेव्हा कुठे — कोण ऐकतंय? गाडी गेटला धडकून भिंतीवर गेली; तिथे भाचीची तीनचाकी सायकल टेकवलेली होती, तिचा पार चेंदामेंदा. पोर पाणी प्यायला आत आली होती म्हणून वाचली. त्या सायकलीकडे पाहिलं आणि बाबांनी किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. गाडी विकायचं त्यांनीच काढलं. आता जिना उतरताना भिंत धरतात. परवा मला विचारतात, "उजवा पाय नीट पडतोय ना गं माझा?"

मी? मी होते की घरात. मी काय बोलणार — हे बघा, पिस्टन आत ढकलला ना, की पॅड आणि चाकाच्या तबकडीत फट राहते. गाडी हलवायच्या आधी पेडल पाच-सहा वेळा दाबून ती भरून काढायची. नाहीतर पहिले दोन-तीन दाब फुकट जातात. आणि मग दगड! एकदा घट्ट झालं की कुणाला मागमूस लागत नाही. बाबांनीच शिकवलं, दहा वर्षांची होते मी — "चाक बसलं म्हणजे काम संपलं नाही हं" — माहीत होतं हो मला! हात काळे झाले होते, म्हटलं, धुते आणि मग दाबते. हाताला साबणाचा फेस होता तेवढ्यात त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली. सगळे भिंतीशी धावले आणि मी — मी जुने पॅड उचलून माळ्यावरच्या रंगाच्या डब्यात टाकले. कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं — नाही, कसलं सांगतेय, खोटंच बोलले असते. खरं कळलं असतं तर ताईनं पोरीला घेऊन या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. उलट बाबांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "जाऊ दे बाबा, होतं असं या वयात." मी म्हणाले हे! लाज वाटते, काका, त्यांच्या ताटात वाढताना.

उतरा. किल्ली द्या इकडे. नाही, भाव नका वाढवू, गाडी द्यायचीच नाही. तो डबा काढते खाली, गाडी जॅकवर घेते, पिस्टन पुन्हा आत ढकलते, आणि त्यांना इथे बसवते, तुम्ही बसलाय तिथेच — म्हणते, ठेवा बाबा उजवा पाय, दाबा, जाऊ दे तळाला. निघा तुम्ही. गेट जोरात ओढा, त्या दिवसापासून वाकलंय. आणि बाबा दारात दिसले तर काही बोलू नका — मलाच बोलू द्या.